सिंगापूरच्या बागेआधी राणीची बाग

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मी, माझे पती, आठवीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असे आम्ही चौघे सिंगापूरला जाणार आहोत. तेथील वनस्पती उद्यान माहितगारासोबत पाहावे की आपले आपण, हे ठरत नाही. दोन वर्षांपूर्वी एका सहलीत अशी फेरी केली होती. दोन तासांत शंभरेक नावे कानांवर पडली आणि बाहेर पडल्यावर एकही आठवेना. शिवाय सासूबाईंना तिकडून एखादी फांदी आणण्याची हौस आहे. ते चालते का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : माहितगार अवश्य घ्यावा, परंतु त्याआधी एका रविवारी सकाळी चौघांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन यावे. (बुधवारी ती बंद असते.) मागच्या फेरीत आपली स्मरणशक्ती कमी पडली असे मला वाटत नाही. उष्ण प्रदेशातील बाग बाराही महिने हिरवीगार असते आणि ओळखीचे एकही झाड नसेल तर त्या हिरवाईत नजर कोठेच ठरत नाही. मग नावे नुसती कानांवरून जातात.

राणीच्या बागेत प्राण्यांकडे वळण्यापूर्वी कैलासपतीपाशी थांबावे. त्याची फुले फांद्यांच्या टोकांना न येता थेट खोडातून निघालेल्या लोंबत्या दांड्यांवर येतात. फुलाच्या मधोमध पिंडी आणि तिच्यावर नागाचा फणा दिसतो, म्हणून आपण ते शंकराला वाहतो. झाड मात्र मूळचे दक्षिण अमेरिकेतले. त्या फण्यातला पराग म्हणजे मधमाश्यांसाठी ठेवलेला खाऊ असतो आणि बीजधारणेच्या कामाचा पराग खालच्या कड्यात असतो. मधमाशी फण्यातला खाऊ घेऊ लागली की कड्यातला पराग तिच्या पाठीला लागतो. मुलाला ही युक्ती फुलावर बोट ठेवून दाखवावी, पण फळांखाली उभे राहू नये. ती तोफगोळ्यांएवढी आणि तितकीच कठीण असतात. हेच झाड सिंगापूरच्या बागेतही आहे. माटुंग्याच्या रस्त्यांवर सावली धरणारा पर्जन्यवृक्षही तेथे भेटेल. संध्याकाळी त्याची पाने मिटतात, म्हणून मलाय भाषेत त्याला ‘पाच वाजताचे झाड’ म्हणतात. तोही अमेरिकेतूनच आलेला.

म्हणूनच माहितगाराला नाव विचारण्याऐवजी ‘हे झाड येथे कोणी आणि कशासाठी आणले?’ असे विचारावे. 1859 मध्ये स्थापन झालेल्या त्या बागेत या प्रश्नाला सर्वांत मोठे उत्तर रबराचे आहे. ब्राझीलमधून नेलेल्या बियांची लंडनच्या क्यू उद्यानात रोपे झाली आणि त्यांपैकी 22 रोपे 1877 मध्ये सिंगापूरला पोहोचली. पुढे संचालक हेन्री रिडली यांनी झाड न मारता सालीला तिरपे काप देऊन चीक काढण्याची पद्धत बसवली आणि मलायात रबराच्या बागा पसरल्या. हा चीक पहाटेच्या गारव्यात चांगला वाहतो, म्हणून दोडामार्गकडच्या रबरबागांतही कामगार उजाडण्यापूर्वीच हाती सुरी घेतात. 2015 मध्ये या उद्यानाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यामागे या इतिहासाचाही वाटा आहे.

उद्यान 82 हेक्टरांचे, म्हणजे राणीच्या बागेच्या जवळजवळ चौपट आणि लांबट आकाराचे आहे; सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. सासूबाई बरोबर असल्याने मेट्रोने उत्तरेच्या टोकाला उतरण्यापेक्षा टॅक्सीने मधल्या नॅसिम फाटकाशी जावे. ऑर्किडचा विभाग आणि आल्याच्या कुळातील झाडांची बाग तेथून जवळ पडतात. प्रवेश विनामूल्य आहे. तिकीट केवळ ऑर्किड विभागाला लागते. शनिवारी सकाळी स्वयंसेवक विनामूल्य फेऱ्या घडवतात. त्यांच्या वेळा आणि विषय निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावेत. दुपारनंतर पावसाची शक्यता अधिक असल्याने सकाळच बरी, छत्री तरीही असू द्यावी. ऑर्किडची छायाचित्रे सर्वच काढतात. माझे मत विचाराल तर सासूबाईंना अधिक वेळ आल्याच्या बागेत द्यावा. हळद, वेलदोडा आणि सोनटक्का ही एकाच घरातली मंडळी आहेत, हे तेथे पानांवरूनच कळते आणि त्या विषयात त्या माहितगारालाही चार गोष्टी सांगतील. मुलाला पाच डॉलरच्या नोटेवर छापलेले टेंबुसूचे झाड शोधायला सांगावे. त्याची जमिनीला समांतर वाढलेली फांदी प्रसिद्ध आहे.

फांदीचे उत्तर मात्र नकारार्थी आहे. त्या उद्यानात काहीही खुडण्यास मनाई आहे, आणि रोप विकत घेतले तरी 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना व तेथील रोगमुक्ततेचा दाखला नसेल तर ते भारतात आणता येत नाही. परक्या मातीबरोबर येणारी कीड एका कुंडीपुरती थांबत नाही. आपल्याच शहरातील पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने कसे वाळले, ते सासूबाईंनी पाहिले असेल. सोनटक्क्याचा गड्डा त्यांना येथल्या रोपवाटिकेत मिळेल. गॅलरीत मोठी कुंडी आणि भरपूर पाणी दिले तर पावसाळ्यात तो फुलतो.