मामा तलावावरची परदेशी बदकं आणि गावाच्या हातातली कामं

साकोलीकडच्या सदस्याचा प्रश्न असा: दर हिवाळ्यात मामा (माजी मालगुजारी) तलावावर बाहेरदेशातली बदकं उतरतात, त्यांच्या रक्षणासाठी देशादेशांत करार झालेत असं ऐकलं, मग आमच्या गावानं त्यात काय करायचं?

आधी करारांचं थोडक्यात. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांसाठीचा बॉन करार १९७९चा, भारत त्यात १९८३ पासून आहे. तुमची बदकं ज्या वाटेनं येतात तो मध्य आशियाई उड्डाणमार्ग उत्तरेच्या टुंड्रापासून हिंदी महासागरातल्या बेटांपर्यंत जातो आणि ३० देश त्यात मोडतात. छोटा टिलवा हा चिमुकला पाणपक्षी ठाण्याच्या खाडीतल्या चिखलावर जसा चरतो तसाच तुमच्या तलावाच्या काठावरही. फेब्रुवारी २०२४ मध्ये समरकंदच्या बैठकीत या मार्गासाठी वेगळा उपक्रम मंजूर झाला आणि समन्वयाची जबाबदारी भारताकडे आली.

पण नुसत्या कागदानं पक्षी वाचत नाही. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ २०१२ साली अमूर ससाणे जाळ्यात धरून लाखाच्या घरात मारले गेले. पुढच्याच वर्षी तिथल्या गावांनी शिकार बंद केली, हंगेरीच्या तज्ज्ञांच्या मदतीनं तीन ससाण्यांवर उपग्रह-यंत्रं बसली, आणि ते अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोचल्याचं जगानं पाहिलं. गावं हलली म्हणून करार खरा झाला.

तुमच्याकडे पहिलं काम मोजणीचं. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. एखाद्या पाणथळीवर एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या १ टक्का पक्षी नियमित येत असतील, तर तिला रामसर दर्जा, म्हणजे पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय करारातली मान्यता, मागता येतो. त्यासाठी वर्षानुवर्षांचे आकडे लागतात, 'खूप बदकं होती' असं लिहून भागत नाही. सकाळी ऊन पाठीशी येईल अशा बाजूनं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहा. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं. मोठा थवा असेल तर आधी ५० पक्षी नीट मोजा, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात बसवा आणि त्याच मापानं पुढे सरका. ८ बाय ४२ची दुर्बीण पुरते. सगळ्यात मोठी चूक होते ती दुबार मोजणीची: एका तलावावर माणसं दिसली की थवा उठून शेजारच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, जातो आणि तिथेही मोजला जातो. म्हणून जवळजवळचे तलाव एकाच सकाळी, एकाच वेळी मोजा. इथलीच अडई बदकं आणि पाहुणी बदकं वेगवेगळी लिहा. ओळख पटली नाही तर अंदाजानं नाव लावू नका, 'अनोळखी बदक' लिहून आकडा टाका. पक्षी नसतील त्या वर्षीचं शून्यही लिहा, ते फार मोलाचं असतं.

पायात कडं किंवा रंगीत पट्टी, मानेला पट्टा दिसला तर पक्ष्यामागे धावू नका. कोणता पाय, गुडघ्यासारख्या सांध्याच्या वर की खाली, रंगांचा वरून खाली क्रम आणि अक्षरं, एवढं सगळं जागेवरच लिहा. डावा-उजवा पक्ष्याचा धरायचा, आपला नाही, इथेच हमखास घोळ होतो. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाईल लावून चित्रफीत घेतली की अक्षरं घरी थांबवून वाचता येतात. नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. कडं कोणत्या देशात घातलं ते तिथून शोधलं जातं.

आता तलावाचं. माझ्या मते खरा करार इथे, ढिवर बांधवांची मच्छीमार संस्था, गाळपेर करणारे, म्हणजे पाणी ओसरल्यावर तलावाच्या गाळात पेरणारे, शेतकरी आणि ग्रामपंचायत यांच्यात व्हायला हवा. बरीच बदकं रात्रीच चरतात आणि बारीक नायलॉनचं जाळं त्यांना अंधारात दिसत नाही. वारकरी आणि लालसरी हे पाणपक्षी तर बुडी मारताना अडकतात. नोव्हेंबर ते मार्च उथळ भाग जाळ्यांपासून मोकळा ठेवायचा, जाळी खोल पाण्यात लावायची आणि फाटके तुकडे पाण्यात सोडायचे नाहीत, एवढं संस्थेशी बोलून ठरवा. मत्स्यबीज घेताना गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, टाळा. तो पाण्याखालची हायड्रिला फस्त करतो, आणि त्याच वनस्पतीवर जगणारी बदकं मग तलाव सोडतात. मासळीलाही तिथेच आसरा असतो, त्यामुळे ढिवर मंडळींना हे पटवणं अवघड नाही.

तलावात माजणारी बेशरम ही झुडपी वनस्पती काढायची तर एप्रिल-मे मध्ये, पाणी आटल्यावर, मुळासकट. नुसती कापली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, आणि ओल्या मातीवर पडलेला कांडीचा तुकडाही मूळ धरतो. काढलेली सगळी बेशरम कोरड्या जागी रचून वाळवा. मोकळ्या झालेल्या जागेत देवधान, म्हणजे रानटी भात, येऊ द्या.

पाळीवर किंवा चिखलात विष चोळलेलं धान्य टाकलेलं दिसलं, तर हात न लावता फोटो काढून वनरक्षकाला लगेच बोलवा, तो वन्यजीव कायद्याखालचा गुन्हा आहे. एकाच वेळी बरेच पक्षी मेलेले आढळले तर विषबाधाही असू शकते, बर्ड फ्लूही. २०२०-२१च्या हिवाळ्यात हिमाचलच्या पोंग जलाशयावर बर्ड फ्लूनं हजारो पक्षी गेले, त्यात पट्टकादंब हे रानहंस सर्वाधिक होते. अशा वेळी कोंबड्या आणि कुत्री तलावापासून लांब ठेवा, उघड्या हातानं काही उचलू नका आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी नमुने घेईपर्यंत मेलेले पक्षी पुरू नका की जाळू नका.