देवावर भरवसा आणि एजंटची पावती

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम. अहिल्यानगरला नर्स आहेस, कुवेतची नोकरी चालून आली आहे, एजंट अडीच लाख रोख मागतोय आणि पावतीचं नाव काढत नाही. चार वर्षांच्या लेकीला सासूबाईंपाशी ठेवावं लागणार. रात्रीची झोप उडाली आहे, आणि सासूबाई म्हणतात, "देव विश्वासू आहे, शंका काढू नकोस." तू विचारतेस, "मावशी, माझा विश्वास कमी पडतोय का?"

नाही गं.

बायबलमधला शास्त्री एज्रा बाबेलहून (बॅबिलोनहून) यरुशलेमेला निघाला, तेव्हा वाट चार महिन्यांची होती. बरोबर लेकरंबाळं, मंदिरासाठीचं सोनं-रुपं आणि वाटमाऱ्यांचं भय. "आमचा देव आम्हाला सांभाळतो" असं राजाला आधीच सांगून बसल्यामुळे शिपाई मागायची त्याला लाज वाटली. मग अहवा नदीकाठी मुक्काम करून सगळ्यांनी उपास केला, लेकरांसाठी वाट सुखरूप मागितली. धास्ती नसती, तर एवढी विनवणी कशाला? आणि पुढचं ऐक. त्याने सोनं-चांदी याजकांच्या हाती तोलून दिली. यरुशलेमेत पोचल्यावर ती पुन्हा तोलली आणि सगळं वजन लिहून ठेवलं. देवाच्या कामाचा पैसा, देवाचेच सेवक, तरी हिशेब चोख!

पुढे बायबलमधलाच नहेम्याही यरुशलेमेला निघाला. त्याने आधी प्रार्थना केली आणि मग तिथल्या तिथे राजाकडे वाटेतल्या अधिकाऱ्यांच्या नावे पत्रं मागितली. स्वारही सोबत होते. एकाने पहारा घेतला नाही, दुसऱ्याने घेतला. देवाचा वरदहस्त मात्र दोघांवर होता.

सासूबाईंचं मन चांगलं आहे, नात सांभाळायला तयार आहेत, त्यांच्याशी वाद घालू नकोस. पण त्यांना एवढं नक्की सांग की विश्वासू देव आहे, एजंट नव्हे. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटची नोंदणी बघता येते. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. अडीच लाखांचा प्रश्नच येत नाही. नोंदणी दिसली नाही किंवा तो पावती द्यायला तयार नसला, तर दागिने मोडू नकोस, कर्ज काढू नकोस.

आता मनातलं. देव विश्वासू आहे म्हणजे कुवेत होणारच, असं मी तुला सांगणार नाही. पुष्कळ भाविक माणसांच्या वाटा मध्येच बंद झालेल्या असतात, आणि तेव्हा लोक त्यांच्या प्रार्थनेत खोट काढतात. मला ते फार लागतं. वाट बंद झाली तरी तो सोबत असतो, माझा भरवसा आहे तो यावर. नोकरी हुकली, तर देवाने तुला टाकलं असं मनात आणू नकोस. भीती वाटेल तेव्हा ती त्याच्यापुढेच बोलून टाक, अगदी साध्या शब्दांत.

आणि लेकीला अंधारात ठेवू नकोस. रात्री ती झोपल्यावर गुपचूप निघून जाणं सोपं वाटतं, पण तसं करू नकोस. आई कुठे जाते, फोन रोज कधी येईल, हे तिला तिच्या भाषेत सांग. रजा किती आणि कधी मिळेल, ते करारात लेखी घे. सही करण्याआधी करार आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या वकिलाला दाखव. पाळकसाहेब ओळख करून देतील.

तुझी,
मावशी