मुद्देमाल मोजला कुणी?

विचारलंय असं: सहारात किंवा सीरिया-जॉर्डनच्या वाळवंटात ‘इतके लाख गोळ्या, इतके टन चरस जप्त’ अशा बातम्या येतात, त्या खऱ्या की खोट्या हे कसं ओळखायचं? आणि त्यावरून तस्करी वाढली की घटली हे कळतं का?

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्यावर शेवटी येतो, कारण या मुद्द्यावर माझं डोकं लवकर तापतं.

खरं-खोटं बघायला आधी भागाकार करा. कॅप्टागॉन म्हणजे अरब देशांत चालणारी उत्तेजक अमली गोळी, ती साधारण 0.15 ते 0.17 ग्रॅमची असते. जुलै 2020 मध्ये इटलीतल्या सालेर्नो बंदरात 14 टन, 8 कोटी 40 लाख गोळ्या सापडल्या. भागा, 0.167 येतं. सप्टेंबर 2023 मध्ये दुबईत 13 टन, 8 कोटी 60 लाख. इथे 0.151. दोन्ही आकडे बसतात. आता कुणी म्हणालं की वाळवंटात एकाच पिकअपमधून एक कोटी गोळ्या पकडल्या, तर तो माल दीड टनाच्या वर जातो. हायलक्ससारख्या गाडीची क्षमता टनभर. त्यात डिझेलचा 200 लिटरचा एक पिंप भरलेला असला तरी पावणेदोनशे किलो तिथेच गेले, शिवाय पाणी, स्टेपनी, माणसं. गाडीवर क्षमतेपेक्षा जास्त लादतात हे मान्य, पण मऊ वाळूत असली गाडी टायरची हवा कमी करूनही रुततेच. अशा बातमीत एक तर गाड्या जास्त होत्या, नाहीतर शून्य जास्त पडलं.

हिशेब जुळला म्हणून हुरळू मात्र नका. एवढ्या गोळ्या कुणी बसून मोजत नाही. एका पिशवीतल्या मोजतात, तिचं वजन करतात आणि एकूण वजनावरून गुणाकार करतात. म्हणजे भागाकार करून तुम्ही त्यांचाच गुणाकार उलटा करता. त्यातून निवेदन टाइप करणाऱ्याची चूक सापडेल, मुद्देमालाची खातरजमा होणार नाही. चिकटपट्टी, पिशव्या, वरून लपवायला टाकलेला माल वजनात धरला की वगळला, हे निवेदनात क्वचितच लिहिलेलं असतं. जॉर्डनच्या लष्कराच्या निवेदनांत चरस ‘कफ’मध्ये येतो. कफ म्हणजे तळहात, तळहाताएवढी लादी. एका लादीचं वजन किती ते लिहीत नाहीत, आणि बातमीदार मनानेच किलो करून टाकतो. अल्जेरियाचा चरस क्विंटलमध्ये असतो. तो टनात नेताना दहापट घोळ सहज होतो.

किंमत तर सोडूनच द्या. सालेर्नोच्या मालाला एक अब्ज युरो लावले, म्हणजे गोळीला जवळजवळ 12 युरो. हा आखाती गल्लीतला किरकोळ भाव. बंदरात पडलेल्या घाऊक मालाला तो लावायचा नसतो. त्याच प्रकरणात तपास यंत्रणेने माल ‘इसिस’चा असल्याचं जाहीर केलं होतं. तो निघाला होता सीरियातल्या लटाकियाहून, तेव्हा असद सरकारच्या ताब्यात असलेल्या बंदरातून. वजन बरोबर असलं म्हणजे मालकही बरोबर सांगितला, असं होत नाही.

वाळवंटातलं सर्वांत बोलकं उदाहरण नोव्हेंबर 2009 चं. मालीत, गाओच्या उत्तरेला तारकिंतजवळ वाळूत एक जळालेलं बोइंग 727 सापडलं. त्यातून कोकेन आणल्याचं म्हटलं गेलं, पण ते हाती लागलं नाही. तरी दहा टनांपर्यंतचे आकडे छापून आले. जप्तीच नव्हती, त्यामुळे त्या आकड्यामागे पंचनामा नाही, नमुना नाही, प्रयोगशाळेचा अहवालही नाही.

ठिकाण तपासायचं तर अल्जेरियातल्या ‘तमनरासेतजवळ’ एवढ्यावर काही होत नाही. 2019 पर्यंत तो प्रांत साडेपाच लाख चौरस किलोमीटरहून मोठा होता. फोटोत ढिगाऐवजी मागचं क्षितिज बघा. वाळूची टेकडी सरकते, खडकाची कडा सरकत नाही. ती उपग्रह चित्राशी जुळवता येते. गाडी शोधायला जाऊ नका. सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका 10 मीटरचा, पिकअप पाच-सव्वापाच मीटरची. माल जाळल्याचं सांगितलं असेल तर व्हीआयआयआरएस या उपग्रहांवरच्या आग टिपणाऱ्या उपकरणाच्या 375 मीटरच्या आग-नोंदी बघा. झाडझुडूप नसलेल्या ठिकाणी आगीचा ठिपका उठून दिसतो. रोज रात्री त्याच जागी येणारा ठिपका मात्र काढून टाका. लिबिया-अल्जेरियात ती बहुधा तेलक्षेत्रातली गॅसची ज्योत असते.

जाळण्याचे फोटो आणखी एका कारणासाठी तपासा. 26 जून हा अमली पदार्थविरोधी दिन. त्याच्या आसपास अनेक देश वर्षभराचा माल एकदम जाळतात, आणि तोच माल ‘नवी जप्ती’ म्हणून फिरतो. लष्कराने पकडला, सीमाशुल्काकडे सोपवला, दोघांनी जाहीर केला, की एक टनाचे दोन टन झाले. पकडल्याची, सोपवल्याची आणि नष्ट केल्याची, अशा तीन तारखा वेगळ्या लिहिल्याशिवाय बेरीज करूच नका.

आता ते ‘वाढली की घटली’. मार्च 2021 मध्ये नायजरमध्ये 17 टन चरस पकडला, तो नियामे या राजधानीतल्या गोदामांत. लेबनॉनहून टोगोच्या लोमे बंदरात आला होता आणि लिबियाला जायचा होता. म्हणजे ‘सहारातली मोठी जप्ती’ शहरात झाली. माल स्थिर असतो आणि पोलीस असतात तिथेच तो सापडतो. जप्तीच्या नकाशावर दिसतात ती नाकी. नाकी दुप्पट केलीत तर जप्ती वाढेल, आणि टोळीने वाट बदलली की ती शून्यावर येईल, माल तेवढाच जात असला तरी. वार्षिक बेरजेचे आलेख काढून ‘तस्करी 40 टक्क्यांनी वाढली’ म्हणणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं भांडतोय. त्यांचं एकच पालुपद, ‘दुसरा आकडा आहे कुठे?’ नसेल, तर आलेख काढू नका ना!

हां, एक राहिलं. आगीचा ठिपका दिसला नाही म्हणून बातमी खोटी ठरत नाही. व्हीआयआयआरएस असलेले उपग्रह दुपारी आणि रात्री साधारण दीडच्या सुमारास वरून जातात. दहाला पेटवलेला ढीग बाराला विझला, तर त्याची नोंद होणारच नाही.