पास्टरची गाडी राहू द्या, तारीख बघा

प्रश्न : आम्ही वसई तालुक्यातले ख्रिस्ती. आई ७६ वर्षांची, विधवा. राहतं घर आणि भोवतालची सहा गुंठे जागा तिला तिच्या वडिलांच्या मृत्युपत्राने मिळालेली. धाकट्या भावाच्या आजारपणात ती एका स्वतंत्र प्रार्थनासभेत जाऊ लागली. तिथल्या पास्टरांच्या सांगण्यावरून १४ ऑगस्ट २०२३ रोजी तिने घर आणि जागा बक्षीसपत्राने दिली. 'मंडळीसाठी प्रार्थनाभवन होईल, तुम्ही हयात असेपर्यंत इथंच राहा,' असं तोंडी ठरलं होतं. दस्त पास्टर आणि त्यांच्या पत्नीच्या नावावर आहे, मंडळीच्या नाही, हे जानेवारी २०२४ मध्ये कळलं. आता ते आईकडून अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर सही मागत आहेत. पास्टरांकडे दोन आलिशान गाड्या आणि बंगला आहे. 'श्रीमंताने स्वर्गात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं' असं ख्रिस्ताने सांगितलेलं असताना हे चालतं का? आम्हा वारसांची सही नसताना दस्त टिकेल का? रद्दपत्र करता येईल का? सभेतल्या वडीलजनांशी बोलणी झाली, पोलिसांत अर्ज दिला. पावसाळा संपला की वकील बघणार आहोत.

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य लिहिताना समोर कॅलेंडर नव्हतं, हे उघड आहे. नोंदवलेला दस्त रद्द करून मागायला मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद ५९ प्रमाणे तीन वर्षं मिळतात. पहिला दिवस धरायचा नाही, म्हणजे शेवटचा दिवस शुक्रवार, १४ ऑगस्ट २०२६. ऐन पावसाळ्यात. तुम्ही छत्र्या वाळत घालून वकिलाकडे जाल तेव्हा तो फाइल उघडण्याआधीच मान हलवील.

'पण आम्हाला जानेवारी २०२४ मध्ये कळलं' हे तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. अशा प्रत्येक पत्रात ते असतं. अनुच्छेदाचे शब्द तुमच्या बाजूचे वाटतात : दस्त रद्द करण्याचा हक्क ज्या गोष्टींमुळे मिळतो, त्या वादीला पहिल्यांदा कळल्या तिथून तीन वर्षं. पण इथे वादी तुमची आई आहे, तुम्ही नाही. आणि समोरचा वकील पहिल्याच दिवशी सांगेल की दुय्यम निबंधकासमोर बाईंनी कबुली दिली, फोटो निघाला, अंगठे उमटले, घेणाऱ्यांची नावं दस्ताच्या पहिल्या पानावर होती. कळायचं ते त्याच दिवशी कळलं. कोर्ट कदाचित तुमचं ऐकेल. पण पुराव्यानंतर सात-आठ वर्षांनी 'दावा मुदतबाह्य' असा निकाल हाती पडण्याची जोखीम घ्यायचीच कशाला? १४ ऑगस्टच्या आत दावा दाखल झाला, तर हा वाद निघतच नाही.

मुदतीच्या बाबतीत कोर्टाला दयामाया दाखवायची मुभा नाही. समोरच्याने मुद्दा काढला नाही, तरी कलम ३ प्रमाणे कोर्टाने दावा फेटाळायचा असतो. विलंबमाफीचं कलम ५ अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ कलम १४ प्रमाणे वजा होतो, पण पोलीस ठाणं म्हणजे न्यायालय नव्हे आणि वडीलजनांची बैठक तर नव्हेच. तुमची अडीच वर्षांची बोलणी मुदतीच्या हिशेबात शून्य आहेत. आईचं काही बरंवाईट झालं तर वारस म्हणून दावा तुम्ही लावू शकाल, पण मुदत तुमच्यासाठी नव्याने सुरू होणार नाही. १४ तारखेपर्यंत तरी कशाला थांबायचं? शेवटच्या आठवड्यात फाइलिंगला हरकती निघतात, कोर्ट फीचं मूल्यांकन अडतं. जुलैअखेर दावा दाखल झालाच पाहिजे.

धर्मापोटी दिलेलं परत मागण्याचा सगळ्यात प्रसिद्ध खटला याच खडकावर फुटला. इंग्लंडमधला ऑलकार्ड विरुद्ध स्किनर, १८८७. मिस ऑलकार्ड एका अँग्लिकन भगिनीसंघात गेली, दारिद्र्याचं व्रत घेतलं, सुमारे ७,००० पौंड संघाच्या मदर सुपीरियरच्या हाती दिले आणि १८७९ मध्ये बाहेर पडली. परत मागितले १८८५ मध्ये, तेही उरलेले १,६७१ पौंड. अपील न्यायालयाने अनुचित प्रभाव मान्य केला. बाहेरचा सल्ला घ्यायलाही संघाच्या नियमांची आडकाठी होती, हेही मान्य केलं. तरी एक पौंड मिळाला नाही, कारण बाहेर पडून, वकिलाचा सल्ला मिळूनही ती सहा वर्षं गप्प बसली. आपल्याकडे तर तीन वर्षांचा आकडाच छापलेला आहे.

आता तुमचे बाकीचे प्रश्न, थोडक्यात. वारसांची सही लागत नव्हती. ख्रिस्ती माणसाला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू होतो; जन्मतः मालमत्तेत हिस्सा हा प्रकार त्यात नाही. आई हयात आहे तोवर तिच्या मालमत्तेत तुम्हाला काही नाही, आणि म्हणूनच दावा तिच्याच नावाने लागेल. (जागा तुमच्या वडिलांची असती आणि ते मृत्युपत्र न करता गेले असते, तर आईचा एक तृतीयांश आणि मुलांचे दोन तृतीयांश, मग ती आपल्या हिश्शापलीकडे देऊच शकली नसती. असे वाचक पुष्कळ आहेत, त्यांनी आधी जुने फेरफार काढावेत.) रद्दपत्राचा उपयोग नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ खाली देणाऱ्याला आपल्या मर्जीने बक्षीस मागे घेता येत नाही. एकतर्फी रद्दपत्र नोंदवण्याच्या खटपटीत फक्त आणखी दोन महिने जातील. ख्रिस्ती माणसाच्या धर्मदायावर बंधन घालणारं उत्तराधिकार कायद्याचं कलम ११८ कोणीतरी तुम्हाला सांगेल. ते मृत्युपत्रांपुरतं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जॉन वल्लमट्टम खटल्यात ते घटनाबाह्य ठरवलं.

उंट आणि सुईचं नाक दाव्यात आणू नका. धर्मप्रचारकाने श्रीमंत असणं हा गुन्हा नाही आणि त्याची शिकवण खरी की खोटी हे कोर्ट ठरवत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ च्या बॅलार्ड खटल्यात हे स्पष्ट सांगितलं. जिम बेकर हा टीव्हीवरचा प्रचारक १९८९ मध्ये २४ आरोपांवर दोषी ठरला तो ऐषारामासाठी नव्हे. हजार डॉलरला आयुष्यभर दरवर्षी मुक्कामाचं वचन देऊन, खोल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त वचनं विकली म्हणून. गंमत अशी की शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी पैसेखाऊ प्रचारकांबद्दल धार्मिक माणूस म्हणून स्वतःची चीड बोलून दाखवली, तेव्हा अपिलात दोष कायम राहिला पण ४५ वर्षांची शिक्षा रद्द होऊन पुन्हा ठरवावी लागली. चीड तुम्हालाही आली आहे आणि ती रास्त आहे. दाव्यात मात्र ती नको.

दाव्यात घालायचं ते आई आणि पास्टर यांच्यातलं नातं. करार कायद्याचं कलम १६, म्हणजे अनुचित प्रभाव : एकाचा दुसऱ्याच्या मनावर ताबा आहे, त्याने तो वापरून गैरवाजवी लाभ उठवला, तर व्यवहार रद्द होऊ शकतो. धर्मगुरू आणि भक्त हे त्याचं ठरीव उदाहरण. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८९० मध्ये मन्नू सिंगच्या खटल्यात गुरूला दिलेलं दान याच तत्त्वावर उलटवलं. विश्वासाच्या स्थानावरच्या माणसाने व्यवहाराची सचोटी स्वतः सिद्ध करायची, हा नियम आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११४ मध्ये आहे. पण सिद्धतेचा भार आपोआप त्याच्यावर जात नाही. ताबा होता हे आधी तुम्ही दाखवायचं, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम ४ प्रमाणे तपशीलवार : कोणत्या दिवशी, कुठे, कोण काय म्हणालं. 'दबाव आणला' एवढंच लिहिलेले दावे मी पडताना पाहतो ते इथेच.

म्हणून आईला शांतपणे विचारा की जागेचा विषय पहिल्यांदा कोणी काढला. भावाच्या बरं होण्याशी त्याची सांगड घातली होती का? उत्पन्नाचा दहावा भाग देवाला द्या, हे बायबलमधल्या मलाखीचं वचन प्रत्येक सभेत वाचतात, त्याने काही सिद्ध होत नाही. पण प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय, म्हणजे जमीन विकून थोडे पैसे मागे ठेवले म्हणून हनन्या आणि सप्पीरा जागीच मेले ती गोष्ट, 'अर्धी जागा ठेवू का?' असं विचारणाऱ्या म्हातारीला घरी येऊन सांगितली असेल, तर तो उपदेश राहत नाही, पुरावा होतो. त्याच अध्यायात चौथ्या वचनात ख्रिस्ताचा शिष्य पेत्र हनन्याला म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावरचे पैसेही तुझ्याच हाती होते. म्हणजे देण्याची सक्ती नव्हती. ते वचन तिला वाचून दाखवलं होतं का, हा उलटतपासणीतला चांगला प्रश्न आहे. सभेची ध्वनिमुद्रणं मोबाइलवर असतील तर फॉरवर्ड करत बसू नका. मूळ मोबाइल जपा, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागेल.

दस्तातही पुरावा आहे. 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय' हे वाक्य प्रत्येक बक्षीसपत्रात असतं, त्याला घाबरू नका. बघायचं ते हे : मसुदा कोणाच्या वकिलाने केला, दोन्ही साक्षीदार सभेतलेच आहेत का, ओळख कोणी पटवली, आणि मुद्रांक शुल्काचं ई-चलन कोणाच्या नावाने निघालं. नात्याबाहेरच्या बक्षीसपत्राला बाजारमूल्यावर पूर्ण शुल्क लागतं. पेन्शनवर जगणाऱ्या विधवेने ते भरलं असं पास्टर म्हणणार असतील तर म्हणू द्या. आईला स्वतंत्र सल्ला मिळाला नव्हता हे तिच्या तोंडून आलं पाहिजे. तिने बक्षीसपत्र समजून सही केली की भलताच कागद समजून, हेही नीट विचारा. दस्ताच्या स्वरूपाबद्दल फसवणूक असेल तर तो मुळातच निरर्थक, मजकुराबद्दल असेल तर फक्त रद्द होण्याजोगा. पण तिला सोयीचं उत्तर पढवू नका. ते उलटतपासात टिकत नाही.

दस्त वैयक्तिक नावावर आहे हे तुमच्यापैकी कोणी त्या दिवशी वाचलं नाही, याचं नवल वाटतं, पण कारण कळतं. वसईतल्या माणसाला धर्मग्रामाला (पॅरिशला) द्यायची सवय आहे. तिथे फादरची बदली होते आणि मालमत्ता जागच्या जागी राहते. स्वतंत्र मंडळीत तशी खात्री नाही. तिची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा, उतारा काढा. 'मंडळीसाठी' घेतलेली जागा तिथे नाही आणि नव्वद दिवसांत द्यायचा बदल अर्जही नाही, हे दोन कागद पास्टरांचं बोलणं आणि करणं शेजारीशेजारी ठेवतील.

दाव्यात तीन मागण्या एकत्र हव्यात : दस्त रद्द, मालकी आईची असल्याची घोषणा, आणि विक्री, गहाण, बांधकाम यांना मनाई. मनाईचा अर्ज त्याच दिवशी. दावा दाखल होताच प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे जागा घेऊ पाहणाऱ्याला वाद कळेल. महाराष्ट्रात नुसता दावा प्रलंबित असण्यावर भरवसा ठेवू नये. मालमत्तेच्या वादात महिलांना कोर्ट फीची सवलत आहे, ती या दाव्याला लागते का ते तुमच्या वकिलाने तपासावं.

आणि आईची साक्ष लवकर. आपल्याकडे दाव्याला नंबर पडून पुराव्यावर यायला किती वर्षं लागतात ते वसईकरांना सांगायला नको. आदेश १८ नियम १६ खाली वृद्ध साक्षीदाराची साक्ष आधी घेण्याचा अर्ज करा, चालता येत नसेल तर कमिशनवर, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या कमिशनरसमोर. तुम्ही मुखत्यारपत्र घेऊन दावा चालवू शकाल, पण तिच्या मनात काय होतं याची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही. ती उलटतपासाआधी गेली तर हातात फक्त कागद उरतील.

बाकी वाटा आहेत, खात्रीच्या नाहीत. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७, कलम २३ चा, म्हणजे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मागण्याचा, अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. सांभाळण्याची अट दस्तात नसेल तर तो अवघड, जरी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित खटल्यात उदार भूमिका घेतली असली. तिथे आयुष्यभर सांभाळण्याचं लेखी वचन होतं, तुमच्याकडे तोंडी आहे. जागा शेतीची असेल आणि घेणारे शेतकरी नसतील तर कूळकायद्याचं कलम ६३ आठवेल. ते जपून काढा, अवैध ठरलेली जमीन सरकारजमाही होऊ शकते. पोलिसांच्या अर्जाचा पाठपुरावा करा, पण 'दिवाणी स्वरूपाचं आहे' हे उत्तर येण्याचीच शक्यता जास्त. यातल्या कशासाठीही दावा थांबवू नका.

राहिला तो अकरा महिन्यांचा करार. आई आजही त्याच घरात राहते, ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू आहे, आणि पास्टरांच्या वकिलाला ती कळली आहे. परवान्यावर, म्हणजे लायसन्सवर, राहणाऱ्याला परवाना देणाऱ्याचा हक्क नाकारता येत नाही. त्या कागदावर सही झाली की आई स्वतःच्या घरात पाहुणी. करार घेऊन कोणी आलं तर सही नाही, अंगठा नाही, देखभालीच्या नावाने शंभर रुपयेही नाहीत. आणि 'फक्त फॉर्मॅलिटी आहे, आधी प्रार्थना करू' म्हणाले तर प्रार्थना करून त्यांना दारापर्यंत पोचवा.