मेंदूतला दाह : तुमचे प्रश्न

आईला अल्झायमर आहे. डॉक्टर म्हणतात मेंदूत दाह असतो. पण एमआरआयच्या रिपोर्टमध्ये सूज कुठेच नाही. खरं काय? (सातारा)

दोन्ही खरं. मेंदूज्वरात किंवा डोक्याला मार लागल्यावर येणारी सूज एमआरआयमध्ये दिसते. हा दाह मात्र पेशींच्या पातळीवर वर्षानुवर्षं धुमसतो आणि नेहमीच्या एमआरआयमध्ये पकडला जात नाही. तो घडवतात मायक्रोग्लिया नावाच्या पेशी. स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. मेलेल्या पेशी आणि साचलेली प्रथिनं गिळून टाकणं हे त्यांचं काम. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात, मायक्रोग्लिया त्यांना घेरतात, आणि थर हटेनासे झाले की दाहक रसायनं सोडतच राहतात. त्यात आसपासच्या चेतापेशींची हानी होते.

बाबा संधिवातासाठी वेदनाशामक गोळ्या घेतात. त्यांनी अल्झायमर टळतो असं ऐकलं. मीही घेऊ का? (नाशिक)

नको. आशा निराधार नव्हती. अशा गोळ्या घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांत अल्झायमर कमी आढळतो, अशी निरीक्षणं १९९० च्या सुमारास पुढे आली होती. म्हणून अमेरिकेत २००१ मध्ये ज्येष्ठांवर नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या वेदनाशामकांची मोठी चाचणी सुरू झाली. हृदयाच्या धोक्याच्या काळजीपोटी डिसेंबर २००४ मध्ये गोळ्या थांबवल्या गेल्या, आणि आजार टळल्याचं काही दिसलं नाही. एएलएसमध्ये (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) तर दाह कमी करेल म्हणून दिलेल्या मिनोसायक्लिन या प्रतिजैविकाने रुग्ण अधिक वेगाने ढासळले. ते निष्कर्ष २००७ चे.

माझ्या मते ‘दाह शमवा’ हे उद्दिष्टच फार ढोबळ आहे. ट्रेम-२ हे मायक्रोग्लियाचं एक जनुक. त्यातल्या एका बदलाने अल्झायमरचा धोका सुमारे ३ पट होतो, हे २०१२ मध्ये कळलं. आणि तो बदल या पेशींना भडकवत नाही, मंद करतो! सरसकट दाबून टाकलं तर सफाईही थांबणार. कोणत्या टप्प्यावर काय दाबायचं, हा खरा प्रश्न आहे. पोटातला अल्सर आणि मूत्रपिंडांवरचा ताण हे या गोळ्यांचे तोटे मात्र आजच ठाऊक आहेत.

हळदीच्या कॅप्सूल? (पणजी)

हळद आमटीत घाला. तिच्यातलं कर्क्युमिन हे द्रव्य रक्तात फार थोडं उतरतं, आणि अल्झायमरच्या रुग्णांवरच्या छोट्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही. कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत.

सासऱ्यांना पार्किन्सन आहे. लघवीचा संसर्ग झाला आणि ते एका रात्रीत बरळू लागले. आजार वाढला का? (सोलापूर)

बहुधा नाही, हा डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उडणारा मेंदूचा गोंधळ असावा. संसर्गाचे रासायनिक संदेश रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात आणि आधीच चेतलेल्या मायक्रोग्लिया जास्तच उसळतात. वृद्धांना अशा वेळी ताप असेलच असं नाही. संसर्गावर उपचार, पुरेसं पाणी, साफ पोट, डोळ्यांवर चष्मा, कानात यंत्र, जवळ ओळखीचं माणूस, एवढ्याने बरेच जण सावरतात. पण काही आठवडे लागू शकतात. रुग्णालयात दाखल केलंत तर ‘यांना पार्किन्सन आहे’ हे प्रत्येक पाळीच्या डॉक्टरांना सांगा. बरळणं थांबवायला हॅलोपेरिडॉल किंवा उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिलं गेलं, तर अंगाचा ताठरपणा वाढतो. आणि त्यांच्या नेहमीच्या गोळ्यांची वेळ चुकू देऊ नका.