वर्गाचा ग्रुप आणि चर्चेचा ग्रुप

प्रश्न : मी विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते. वर्गात 110 विद्यार्थी आहेत. तासाला अपुरी राहिलेली चर्चा पुढे चालावी म्हणून मी व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. पण तेथे चार-पाच जणच लिहितात आणि बाकीचे अंगठ्याचे चिन्ह टाकून मोकळे होतात. माझे काय चुकते आहे?

उत्तर : अंगठा दाखवण्याचा मराठीतला जुना अर्थ आपल्या विद्यार्थ्यांनी फारच मनावर घेतलेला दिसतो. तरीही आपण निराश होण्याचे कारण नाही. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी 2006 मध्ये ऑनलाइन समूहांविषयी एक ढोबळ प्रमाण मांडले होते : शंभरातले नव्वद जण नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर उरलेल्या एकाचा असतो. त्या हिशेबाने आपले चार-पाच जण वाईट नाहीत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये आता 1024 जणांना सामावून घेता येते, हे खरे; परंतु इतक्या जणांना निरोप पोहोचवता येणे वेगळे आणि त्यांना आपसांत बोलते करणे वेगळे. लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एकट्याने आणि गटात ओरडायला व टाळ्या वाजवायला सांगितले होते; गट जसजसा मोठा होत गेला, तसतसा प्रत्येकाचा आवाज कमी होत गेला. 110 जणांच्या ग्रुपमध्ये ‘कोणीतरी लिहीलच’ असे प्रत्येकाला वाटणे हा त्याचाच प्रकार आहे.

म्हणून मोठा ग्रुप केवळ सूचनांसाठी ठेवावा, त्यात फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग करावी, आणि चर्चेसाठी सात-आठ जणांचे छोटे ग्रुप करावेत. असे साधारण पंधरा ग्रुप होतील आणि ते सगळे आपण रोज वाचत बसावे, असा याचा अर्थ नाही. प्रत्येक ग्रुपमधल्या एकाने, पाळीपाळीने, आठवड्याच्या शेवटी आपल्या ग्रुपमध्ये मतभेद नेमका कोठे झाला एवढेच पाच-सहा ओळींत आपल्याला लिहून पाठवावे.

खरी मेख मात्र प्रश्नात असते. ‘नोकरशाहीविषयी आपले मत काय?’ असे विचारल्यास पाठ्यपुस्तकातला उतारा नकलून येतो आणि त्याखाली ‘सहमत’ असे सहा वेळा उमटते. याउलट, ‘मॅक्स वेबर यांनी नोकरशाहीची जी लक्षणे सांगितली, म्हणजे लेखी नियम, अधिकारांची उतरंड, कामाची विभागणी, व्यक्तिनिरपेक्ष वागणूक, त्यांपैकी कोणते लक्षण आपल्या परीक्षा विभागात दिसत नाही आणि ते नसल्यामुळे कोणाचे काम अडते?’ असे विचारून पाहावे. येथे बाजू घ्यावी लागते, अनुभव सांगावा लागतो, आणि दुसऱ्याचा अनुभव वेगळा असल्यास तो खोडता येत नाही, समजून घ्यावा लागतो. आठवड्याला असा एकच प्रश्न पुरे.

दुसरी गोष्ट आपल्याला कठीण जाईल, कारण ती सर्वच शिक्षकांना कठीण जाते. शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांचे निरीक्षण करून दाखवले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले, तरी उत्तरे लांब होतात आणि एरवी गप्प असणारेही बोलू लागतात. ग्रुपवर तर आपल्याला पूर्ण दिवस थांबता येते. मात्र रात्री नऊला प्रश्न टाकून सव्वानऊला आपणच खुलासा केला, तर ही सवड हातची जाते, कारण शिक्षकाच्या उत्तरानंतर लिहिण्यासारखे काही उरले आहे असे विद्यार्थ्यांना वाटत नाही. दोन दिवस आपण मौन पाळावे, आणि बोलायचेच झाल्यास एखाद्याच्या वाक्यावर पुढचा प्रश्न विचारावा.

ज्या मुद्द्याला उत्तर द्यायचे, तोच संदेश निवडून त्याखाली उत्तर देण्याची सवय विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात लावावी. नाहीतर कोण कोणाला काय म्हणाले, हे दुसऱ्या दिवशी कोणालाच उमगत नाही. आणि पुढच्या तासाची सुरुवात, संबंधितांची परवानगी घेऊन, ग्रुपमधल्या दोन परस्परविरोधी संदेशांनी करावी. आपले लिहिलेले वर्गात पोहोचते असे दिसले की लिहिणारे वाढतात.

प्रश्न : आमच्या विभागात ग्रुपमध्ये असणे सक्तीचे आहे. तेथून माझा क्रमांक घेऊन एक वर्गमित्र मला नको असताना संदेश पाठवतो. मी काय करावे?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. नको असलेले संदेश पुसू नका. त्यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, त्या व्यक्तीला ब्लॉक करा आणि विभागप्रमुखांना लेखी कळवा. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकते, हे मर्यादित करण्याची सोय व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये आहे. टेलिग्रामवर क्रमांक इतरांपासून लपवता येतो; मात्र तेथील ग्रुपमधले संदेश व्हॉट्सॲपसारखे एंड-टू-एंड कूटबद्ध, म्हणजे पाठवणारा आणि घेणारे यांनाच वाचता येतील असे, नसतात. अर्थात, ग्रुपमधलाच कोणी स्क्रीनशॉट घेऊन बाहेर नेणार असेल, तर कोणतेही कूटलेखन उपयोगाचे नाही.

यात शिक्षकांचीही जबाबदारी आहे, असे मला स्पष्टपणे वाटते. खासगी क्रमांक उघड करणे ही शिक्षणाची अट असता कामा नये. ज्यांना ग्रुप नको असेल त्यांच्यासाठी मूडलसारख्या ऑनलाइन अध्यापनाच्या व्यवस्थेतील चर्चामंचाचा पर्याय खुला असावा आणि तो निवडणाऱ्याला कारण विचारले जाऊ नये.

प्रश्न : ग्रुपवरील सहभागाला गुण द्यावेत का?

उत्तर : संदेश मोजून देऊ नयेत; मोजले की संदेश वाढतात, चर्चा नव्हे. द्यायचेच असतील, तर सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्याने स्वतःचे तीन संदेश निवडावेत आणि त्यांपैकी कोणते मत कोणाच्या म्हणण्यामुळे बदलले किंवा का बदलले नाही, यावर एक पान लिहावे. चॅट एक्सपोर्ट करण्याची सोय असल्याने जुने संदेश शोधणे अवघड जात नाही. गुण त्या पानाला द्यावेत.