वाचकांचे प्रश्न: चालतं घड्याळ सर्व्हिसिंगला द्यायचं कधी?

मेकॅनिकल घड्याळांबद्दल नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: 2017 मध्ये घेतलेली तारखेची रोलेक्स सबमरीनर रोज वापरतो. दिवसाला दोन-तीन सेकंद पुढे जाते, बाकी तक्रार नाही. शोरूमवाले म्हणतात दहा वर्षं बघू नका, सीताबर्डीतले आमचे जुने घड्याळजी म्हणतात चार वर्षांनी उघडायलाच हवं. कोणाचं ऐकू? (धरमपेठ)

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. घड्याळजींचा चार वर्षांचा हिशोब जुन्या तेलांवरचा. ती तेलं सुकून चिकट व्हायची. आताची कृत्रिम तेलं बरीच जास्त टिकतात, म्हणून रोलेक्स साधारण 10 वर्षं सांगते आणि ओमेगा 5 ते 8. पण हे आकडे सरासरी वापराचे आहेत, आणि त्यावरून तुमच्या घड्याळातल्या तेलाची आजची अवस्था कळत नाही.

तुमच्या पत्रातली खरी अडचण ‘बाकी तक्रार नाही’ या शब्दांत आहे. वेळ बरोबर दाखवणारं घड्याळ आतून कोरडं पडलेलं असू शकतं. तुमचं मशीन तासाला 28,800 ठोके देतं, म्हणजे वर्षाला 25 कोटींहून जास्त. चाकांच्या आसाची टोकं माणकाच्या (‘ज्वेल’ म्हणतात त्या बारीक खड्याच्या) भोकात फिरतात आणि तिथे तेलाचा जेमतेम एक थेंब असतो. तो आटला की स्टील माणकावर कोरडं घासतं, धातूची भुकटी उरलेल्या तेलात मिसळते आणि तीच पॉलिश पेपरसारखी आसाला खात राहते. सेकंदकाट्याच्या चाकाजवळ माणकाभोवती तांबूस-काळपट कडं दिसलं, तर झीज सुरू झाली असं समजा. एवढं होऊनही घड्याळ दिवसाला दोन-तीन सेकंदांच्या फरकाने चालू शकतं. तेलपाण्याच्या वेळी उघडलं तर काम तेलपाण्यावर भागतं, नंतर उघडलं तर चाकं बदलावी लागतात.

म्हणून टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, घड्याळ लावून घ्या. चांगल्या दुकानात हे पाच मिनिटांचं काम आहे आणि मागचं झाकण उघडावं लागत नाही. सेकंदांपेक्षा अ‍ॅम्प्लिट्यूड बघा, म्हणजे बॅलन्स व्हील (मागेपुढे झुलून वेळ मोजणारं चाक) किती अंशांचा झोका घेतं ते. पूर्ण चावी दिलेली, डायल वर असताना 270 ते 310 अंश असतील तर काळजी नाही. मग चावी न देता, न घालता 24 तास ठेवून पुन्हा मोजा. तेव्हा 220 च्या खाली गेलं, किंवा घड्याळ उभं धरल्यावर झोका 50 अंशांहून जास्त घटला, तर दहा वर्षांची वाट बघू नका. बीट एरर, म्हणजे ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांच्या वेळेतला फरक, 0.8 मिलिसेकंदाच्या आत असावी.

मोजणाऱ्याला लिफ्ट अँगल किती लावला ते जरूर विचारा. झोका काढण्यासाठी यंत्राला द्यावा लागणारा हा कोन, मशीनच्या रचनेप्रमाणे वेगळा असतो. बहुतेक यंत्रांवर 52 अंश आधीच लावलेले असतात आणि तुमच्या मशीनला तेच लागतात. पण ओमेगाच्या को-अ‍ॅक्सियल या वेगळ्या रचनेच्या मशीनला 38 लागतात. तिथे 52 वर मोजलं तर 220 अंशांचं थकलेलं घड्याळही 300 दाखवेल आणि दुकानदार ‘एकदम फर्स्ट क्लास’ म्हणून परत देईल.

घरची परीक्षाही आहे. चावीचे चाळीसेक वेढे द्या, घड्याळ टेबलावर ठेवा आणि किती तासांनी बंद पडतं ते बघा. तुमच्या मॉडेलला 48 तास अपेक्षित आहेत. 40 च्या आतच थांबत असेल तर मेनस्प्रिंग (चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) किंवा तेल, दोन्हींपैकी एक संपत आलंय.

आणि हे सगळं मशीनचं झालं. पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यांचं, म्हणजे गॅस्केटचं, वेळापत्रक पूर्ण वेगळं आहे, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: 100 मीटर वॉटरप्रूफ लिहिलेलं घड्याळ. पहिल्याच पावसात काचेच्या आत वाफ धरली, दुपारी आपोआप गेली. आता ठीक आहे ना? (मनीषनगर)

ठीक नाही. वाफ दिसेनाशी झाली, पाणी आतच आहे. ते सगळ्यात आधी चावीच्या दांडीवर आणि तिच्याजवळच्या बारीक स्प्रिंगांवर गंज धरतं. दोन दिवसांच्या आत उघडून कोरडं करून घ्या. तांदळाच्या डब्यात ठेवणं, उन्हात ठेवणं, हेअर ड्रायर मारणं, यातलं काहीही करू नका. उष्णतेने वाफ मशीनभर पसरते.

100 मीटर हा आकडा नव्या गॅस्केटचा. गॅस्केट तीन ठिकाणी असतात: मागच्या झाकणाला, काचेखाली आणि चावीत. चावीतली सगळ्यात आधी जाते कारण ती रोज घासली जाते. आपल्या उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, आणि नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बंद गाडीच्या डॅशबोर्डवर घड्याळ विसरलं तर रबर कडक होऊन आकसायला वेगळं कारण लागत नाही. घाम, अत्तर, साबण हेही त्याचे शत्रू. शॉवरखाली घड्याळ घालू नका. गरम वाफ आणि साबण मिळून रबरापलीकडे सहज जातात.

म्हणून दरवर्षी मे अखेरीस, पावसाआधी, प्रेशर टेस्ट करून घ्या, मशीन कितीही नवं असो. आधी कोरडी टेस्ट: हवेचा दाब देऊन केस किती दबते ते यंत्र मोजतं, गळत असेल तर ती दबलेली राहत नाही. पाण्यात बुडवून बुडबुडे बघण्याची टेस्ट मशीन बाहेर काढूनच करावी, निदान कोरडीत पास झाल्यावरच. घरी शंका आली तर घड्याळ 40-45 अंशांपर्यंत कोमट झाल्यावर काचेवर साध्या पाण्याचा थेंब ठेवा आणि मिनिटाने पुसा. आत धुकं दिसलं तर ओल आहे. मे महिन्यात घड्याळ तेवढं तापवायला नागपुरात वेगळं काही करावं लागत नाही.

प्रश्न: ऑटोमॅटिक घड्याळ अचानक दिवसाला सात-आठ मिनिटं पुढे पळतंय. सर्व्हिसिंगचा मोठा खर्च सांगितलाय. (सदर)

खर्चाला हो म्हणण्याआधी डीमॅग्नेटाइज करून, म्हणजे घड्याळात शिरलेलं चुंबकत्व काढून घ्या. टॅबलेटचं चुंबकी कव्हर, ब्लूटूथ स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, यांच्याजवळ रात्रभर राहिलं की हेअरस्प्रिंगचे (बॅलन्स व्हीलच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या. सुई ठळकपणे फिरली तर कारण बहुधा हेच. काम काही सेकंदांचं आहे. तरीही पळत राहिलं तर हेअरस्प्रिंगवर तेल गेलंय किंवा ती धक्क्याने वेडीवाकडी झालीय, मग मात्र उघडावं लागेल.

प्रश्न: वडिलांचं एचएमटी जनता वीस वर्षं कपाटात आहे. चावी देऊन बघू का? (महाल)

एकदोन वेढे देऊन चालतं का बघितलंत तर बिघडणार नाही, पण रोज घालायला सुरुवात करू नका. न वापरताही तेल सुकतं. एचएमटीचा घड्याळ विभाग 2016 मध्ये बंद झाला, त्यामुळे सुटे भाग जुन्या घड्याळांतून काढलेले मिळतात. बॅलन्सच्या आसाचं टोक तुटलं तर बदली भाग शोधत फिरावं लागतं. आधी सफाई, मग रोजचा वापर.

प्रश्न: घड्याळं तीन आहेत, वाइंडर घ्यावं का? (रामदासपेठ)

नको. वाइंडर म्हणजे न घातलेलं ऑटोमॅटिक घड्याळ फिरवून चालू ठेवणारी पेटी. थांबलेलं घड्याळ झिजत नाही, वाइंडरवर फिरणारं झिजतं. महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष आपोआप सांभाळणारं पर्पेच्युअल कॅलेंडर असेल, जे थांबलं की पुन्हा लावणं भानगडीचं, तरच विचार करा.

प्रश्न: सर्व्हिसिंगला देताना पावतीवर काय लिहून घ्यावं? (इतवारी)

मशीन पूर्ण सुटं करून धुतलं जाईल, हे पहिलं. नुसतं वरून तेल सोडून ‘सर्व्हिस’ म्हणणारे कमी नाहीत, आणि जुन्या घाणीवर ताजं तेल टाकणं हे न टाकण्यापेक्षा वाईट. दुसरं, मेनस्प्रिंग आणि सगळी गॅस्केट नवीन. तिसरं, बदललेले जुने भाग पुडीत परत. चौथं, पाच स्थितींतलं (घड्याळ आडवं, उभं असं वेगवेगळं धरून घेतलेलं) टाइमग्राफरचं रीडिंग, पूर्ण चावीवर आणि 24 तासांनी. पाचवं, किमान एक वर्षाची हमी.

आणि ठळक अक्षरांत: पॉलिश करू नये. दरवेळी बफिंगने केसच्या कडा गोल होतात, पट्ट्याच्या भोकाजवळचा धातू कमी होतो आणि विकायला गेलात की पहिली किंमत तिथेच पडते. देण्याआधी केसच्या चारही कडांचे आणि मागच्या नंबरचे फोटो दुकानदारासमोरच काढून ठेवा.